तुर्की परीकथांमधला सबुरीचा दगड: ती मुलगी दगडालाच का सांगते?

रानजाई (धागाकर्ती)

गेले दोन-अडीच महिने रात्री दिवा मालवायच्या आधी लेकीला तुर्की परीकथा सांगते आहे. ती नऊ वर्षांची. दूरच्या मुलखातल्या गोष्टी, शब्दाशब्दाला थांबावं लागेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पादशहा, वजीर, परी, हमाम, नशीब, मुराद, सगळे शब्द घरचेच. अडली ती एकाच शब्दाला. तुर्कीत अजस्र राक्षसाला 'देव' म्हणतात. "आई, देव माणसं खातो?" असं विचारल्यावर मी मुकाट्याने 'राक्षस' म्हणायला लागले.

पण परवा एका गोष्टीपाशी आम्ही दोघी अडलो.

गरिबाची एक मुलगी खिडकीत बसून कशिदा काढत असते. एक पक्षी येतो आणि म्हणतो, "बिचारे, तुझं नशीब मेलेल्या माणसाशी बांधलंय." मग शेजारच्या मुलींबरोबर फिरायला गेलेली असताना तिच्यात आणि मैत्रिणींत अचानक भिंत उभी राहते आणि ती एका ओसाड वाड्यात एकटी अडकते. चाळीस खोल्या, चाळीस किल्ल्या. शेवटच्या खोलीत एक तरुण सरदार निपचित पडलेला. चाळीस दिवस जी उशाशी बसून प्रार्थना करील तिला तो मिळेल, असं तिथे लिहिलेलं असतं. ही बसते. अगदी शेवटी थोडा वेळ एका दासीला तिथे बसवून उठते आणि नेमका तेव्हाच तो जागा होतो. समोर दासी. तो तिच्याशी लग्न करतो. आपली मुलगी त्याच घरात चुलीपाशी राबायला लागते.

पुढे तो प्रवासाला निघताना सगळ्यांना विचारतो, काय आणू? ही म्हणते, सबुरीचा दगड आणि सबुरीची सुरी. तो आणून देतो, पण या वस्तू मागणारीच्या मनात काय आहे म्हणून रात्री दाराआड उभा राहतो. ती दगड समोर ठेवून पहिल्यापासून सगळं सांगते. दगड फुगत जातो, जणू धापा टाकतो, आणि शेवटी तडकतो. "दगड असून तुला सोसवलं नाही, मी कशी सोसू?" म्हणत ती सुरी उचलते, तेवढ्यात तो आत येऊन तिचा हात धरतो.

लेकीने विचारलं, "ती त्यालाच का नाही सांगत? दगडाला का?" मी म्हटलं, "तिचं कोण ऐकणार होतं?" आणि हे उत्तर मलाच रात्रभर टोचत राहिलं. तुम्हाला काय वाटतं? ही गोष्ट सबुरीचं कौतुक करते, की सबुरी पुरी पडत नाही असं सांगते?

घाटमाथा

दगडाला पाझर फुटतो हे ऐकून होतो. दगडच फुटतो हे पहिल्यांदा ऐकलं! वाचतोय.

बोस्फरसकाठी

इस्तंबूलमध्ये सहा वर्षं आहे, त्यामुळे राहवलं नाही. हा दगड इथे रोजच्या बोलण्यात आहे. 'साबर ताशी' म्हणजे सबुरीचा दगड. 'साबर' म्हणजेच अरबी 'सब्र', आपल्या 'श्रद्धा आणि सबुरी'तली सबुरी. एखाद्याने खूप सोसलं की लोक म्हणतात, 'सबुरीचा दगड असता तरी तडकला असता.' आमच्या घरमालकीणबाई पंचाहत्तरीच्या आहेत. वरच्या मजल्यावरचा नळ महिनाभर गळत होता तेव्हा त्यांच्या तोंडून हे वाक्य मी रोज ऐकलं.

म्हणजे इथल्या माणसाला त्या दगडाचं नाव घेतलं की त्याचं तडकणं आठवतं, सोसणं नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

तडजोड_नाही

मला हे पटत नाही. ज्या घराने मुलीला चाळीस दिवस प्रेताशेजारी बसवायचं, मग चुलीपाशी ढकलायचं, त्या घरचा नवरा शेवटी बक्षीस म्हणून द्यायचा? दगड तडकला, पण तिला मिळालं काय? तोच माणूस, ज्याला जागं झाल्यावर समोर कोण आहे हेही विचारावंसं वाटलं नाही.

माझी एक मावशी होती. चौतीस वर्षं तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही आणि घरातल्या प्रत्येक लग्नात तिचं उदाहरण नव्या सुनेला दिलं गेलं. सोशिकपणाच्या गोष्टी कोण कोणाला सांगतं ते आधी बघा. मी ही गोष्ट माझ्या मुलीला सांगणार नाही.

मैना

तडजोड_नाही, तुमचा राग समजतो. पण एकाच गोष्टीवरून निकाल देऊ नका. याच परंपरेत 'हलवाईण सुंदरी'ची गोष्ट आहे, ती बघा.

एका मुलीचा बाप हजला जातो आणि तिला मशिदीच्या इमामाच्या हवाली करून जातो. इमामाचीच नियत फिरते. हमाममध्ये तो तिच्या अंगावर येतो, तेव्हा ही त्याच्या डोळ्यांत साबणाचा फेस घालून त्याला बदडून काढते. तो बापाला पत्र लिहितो की तुमची मुलगी वाया गेली. बाप भावाला पाठवतो, हिला मारून रक्ताने माखलेले कपडे आण म्हणून. भावाचा हात उठत नाही. तो कुठल्याशा जनावराच्या रक्तात तिचा सदरा बुडवून नेतो. ती झऱ्याकाठी झाडावर राहते. एका राजपुत्राचा घोडा पाण्यातलं तिचं प्रतिबिंब बघून बुजतो, पाणी पीत नाही, मग लग्न. इथे आपल्याकडची गोष्ट संपली असती. तुर्की गोष्ट इथून सुरू होते.

काही वर्षांनी ती माहेरी निघते, सोबत वजीर. वाटेत वजीर तेच करतो जे इमामाने केलं होतं आणि नकार मिळाल्यावर तिची मुलं मारतो. ती निसटते. एका मेंढपाळाशी कपडे बदलते, डोक्याला बकऱ्याचा कोथळा ताणून बसवते म्हणजे टकल्या पोरासारखी दिसावी, आणि एका हलवायाकडे नोकरीला लागते. तिच्या हातचा हलवा गावभर गाजतो. एका रात्री हलव्याच्या बैठकीला राजपुत्र, वजीर, बाप, भाऊ, इमाम, सगळे एकत्र येतात. गोष्ट सांग म्हणून या 'पोराला' आग्रह होतो. ती म्हणते, सांगते, पण एका अटीवर. गोष्ट संपेपर्यंत कोणी दाराबाहेर जायचं नाही.

आणि ती स्वतःचीच गोष्ट सांगते. इमामाला मध्येच बाहेर जायचं असतं, वजिराला पोटात दुखायला लागतं. दार बंद.

ही बाई सोशिक आहे का? मला तर ती वकील वाटते, जिने साक्षीदार, आरोपी आणि न्यायाधीश एकाच खोलीत कोंडले.

तडजोड_नाही

दार बंद करण्याची अट जबरदस्त आहे. ही सांगेन मुलीला. हमामचा प्रसंग जरा सांभाळून.

गोट्या८

नसरुद्दीन होजाच्या गोष्टी यात धरायच्या का? लहानपणी त्याच वाचल्या होत्या.

बोस्फरसकाठी

होजाचे असतात ते चुटके, तुर्कीत त्यांना 'फिक्रा' म्हणतात. परीकथेला 'मासाल' म्हणतात. कॉफीगृहात पुरुषांसमोर हावभाव करून किस्से रंगवणारा असे तो 'मेद्दाह', त्याची परंपरा आणखी वेगळी. मासाल मुख्यतः घरातली, हिवाळ्यात शेगडीभोवती बसलेल्या आजी-आत्यांची.

आणि तिची सुरुवात ऐकण्यासारखी असते. मी मराठीत आणायचा प्रयत्न करतो:

'होता म्हणे, नव्हता म्हणे. फार फार जुन्या काळी, चाळण पेंढ्यात होती तेव्हा, उंट दवंडी पिटायचे आणि पिसवा हजामती करायच्या तेव्हा, मी माझ्या बापाचा पाळणा टिंगर-मिंगर झुलवत होतो तेव्हा…'

या यमकबाज बडबडीला 'तेकेरलेमे' म्हणतात. यातलं 'म्हणे' मी वरून चिकटवलेलं नाही. तुर्की क्रियापदाला भूतकाळाचे दोन प्रत्यय आहेत, एक स्वतः पाहिलेल्या गोष्टीसाठी आणि एक ऐकीव गोष्टीसाठी. 'बिर वारमिश, बिर योकमुश' यातला 'मिश-मुश' हा ऐकीव प्रत्यय. अख्खी परीकथा याच रूपात सांगतात. आपल्या 'म्हणे'इतका नेमका शब्द मला दुसऱ्या भाषेत सापडला नाही.

प्रवासाचं वर्णनही ठरलेलं. 'थोडं चाललो, लांब चाललो, दऱ्या-टेकड्या सपाट चाललो, सहा महिने आणि वर एक शरद ऋतू चाललो. मागे वळून पाहिलं तर जवाच्या दाण्याएवढी वाट सरली होती.'

घाटमाथा

हे तर संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघाल्यावरचं माझं आत्मचरित्र आहे.

कंदील

मुलाला सांगायला सर्वात आवडती गोष्ट: झुम्रुदुआंका पक्ष्याची. बादशहाच्या बागेतलं सफरचंदाचं झाड, फळ पिकलं की राक्षस येऊन नेतो. थोरला पहाऱ्यावर झोपतो, मधला झोपतो, धाकटा जागा राहतो आणि राक्षसाला जखमी करतो. रक्ताचा माग काढत तिघे एका विहिरीशी पोचतात. थोरल्याला दोर बांधून सोडतात, तो अर्ध्यावरून 'जळलो, जळलो' म्हणून ओरडतो, वर ओढतात. मधल्याचंही तेच. धाकटा म्हणतो, मी 'जळलो' म्हणालो तरी खालीच सोडा.

खाली तीन राजकन्या. त्यांना तो वर पाठवतो, भाऊ दोर कापतात. विहिरीच्या तळाशी दोन मेंढे, पांढरा आणि काळा. पांढऱ्यावर पडलास तर उजेडाच्या जगात, काळ्यावर पडलास तर आणखी सात थर खाली. हा काळ्यावर पडतो.

त्या पाताळात एक सर्प दर वर्षी त्या महापक्ष्याची पिल्लं खातो. हा सर्पाला मारतो. पक्षीण म्हणते, तुला वर नेते, पण चाळीस मेंढ्यांचं मांस आणि चाळीस पखाली पाणी घे. मी 'गाक' म्हटलं की मांस, 'गुक' म्हटलं की पाणी. घरी ही दोन अक्षरं माझा मुलगा ओरडतो आणि मी पोळीचा तुकडा भरवतो, त्यामुळे जेवण या गोष्टीवर निभतं.

वर पोचता पोचता मांस संपतं. पक्षीण म्हणते 'गाक'. धाकटा आपल्या मांडीचा तुकडा कापून तिच्या तोंडात देतो. चव वेगळी लागते. तिला कळतं. ती गिळत नाही, जिभेखाली धरून ठेवते. वर आल्यावर म्हणते, चालून दाखव. तो लंगडतो. मग ती तो तुकडा काढून जागेवर लावते आणि पाय बरा होतो.

मी आजवर ज्या गोष्टी सांगितल्या त्यात 'जिभेखाली धरून ठेवला' यापेक्षा मायेची जागा मला आठवत नाही.

आजीची_गोधडी

मांडीचं मांस म्हटल्यावर शिबी राजा आठवला. पण तिथे परीक्षा होती, देव रूप पालटून आले होते. इथे कोणी परीक्षा घेत नाही. एकाला भूक आहे, दुसऱ्याला ती दिसते. 'जिभेखाली' वाचून डोळे भरले.

तडजोड_नाही

सुंदर आहे, कंदील. पण लक्षात आलं का, मुलगे विहिरीत उतरतात आणि मुली खोलीत बसून चाळीस दिवस मोजतात.

बोस्फरसकाठी

नाही, मुलीही बाहेर पडतात. तुर्कीत 'लोखंडी पायताण घालून, लोखंडी काठी घेऊन' असा वाक्प्रचारच आहे, एखाद्या गोष्टीचा जिद्दीने शोध घेण्यासाठी. तो परीकथेतल्या बायकोचा आहे. नवरा जनावराच्या कातड्यात असतो, रात्री माणूस होतो. हिच्याकडून गुपित फुटतं आणि तो नाहीसा होतो. मग ही लोखंडी पायताणं झिजेपर्यंत चालते. लग्न आधी, शोध नंतर, आणि शोध बायकोने घ्यायचा.

आणि 'रडणारं डाळिंब, हसणारं आइवा' ऐकली आहे का? आइवा हे पिवळं, आंबटसर, कच्चं खाल्लं तर घशाला धरणारं फळ, इथे त्याचा मुरंबा करतात. बादशहाला सगळ्या मुलीच. पुन्हा मुलगी झाली तर राणीची धडगत नाही. राणी मुलीला मुलगा म्हणून वाढवते. सुंता ठरते, बिंग फुटणार, तेव्हा घोडा तिला पाठीवर घेऊन पळतो. पुढे ती पुरुषवेषात अवघड कामगिऱ्या पार पाडते आणि शेवटी तो अद्भुत फळांचा जोड आणायला निघते. फळं पळवल्यावर राक्षस मागून शाप देतो, 'मुलगा असशील तर मुलगी हो, मुलगी असशील तर मुलगा हो!' शाप लागतो आणि तिचा पेचच सुटतो.

मैना

अगदी शिखंडी! द्रुपदाकडे मुलगी जन्मली, मुलगा म्हणून वाढवली, राजकन्येशी लग्न लावलं आणि बिंग फुटायच्या वेळी यक्षाने आपलं पुरुषत्व दिलं. आपल्याकडे ते उसनं देणं आहे, तुर्कांकडे शाप. राक्षस चिडून का होईना, कामाला आला.

अभ्यासू_उंदीर

मूळ गोष्टीबद्दल एक अवघड मुद्दा मांडतो. रानजाईताई, तुम्ही 'दासी' म्हणालात. जुन्या पाठांत ती काळी गुलाम स्त्री असते. 'तीन तुरुंजां'च्या (तुरुंज म्हणजे कडू संत्रं) गोष्टीतही तेच. तिथे फळातून निघालेली परी झाडावर बसते, गुलाम बाई पाण्यात तिचं प्रतिबिंब बघते, ते स्वतःचंच समजून घागर फोडते, 'इतकी देखणी असून मी पाणी का भरू?' म्हणते. मग परीच्या डोक्यात टाचणी टोचून तिला पक्षी करते आणि तिची जागा घेते.

हे कुठून आलं ते समजून घ्यावं लागेल. ओस्मानी म्हणजे ऑटोमन काळातल्या शहरांतल्या श्रीमंत घरांत आफ्रिकेतून आणलेल्या बायका विकत घेऊन कामाला ठेवत. १८५७ मध्ये सुलतानाने आफ्रिकी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, पण घरातली गुलामी पुढे बरीच वर्षं राहिली. हंगेरीचा इग्नात्स कूनोश १८८५ पासून तुर्कस्तानात पाचेक वर्षं फिरून या गोष्टी उतरवून घेत होता, तेव्हा गोष्ट सांगणाऱ्या बायकांच्या भोवतालचं वास्तव हेच होतं. जिला कोणी नावही दिलं नाही तिच्यावर सगळं कपट ढकललं गेलं. आणि शिक्षाही तिलाच: 'चाळीस खेचरं हवीत की चाळीस सुरे?' ती खेचरं मागते, कारण घरी जाता येईल असं तिला वाटतं, आणि तिला खेचरांच्या शेपट्यांना बांधून हाकलतात.

घरी जायचं होतं तिला. हे वाचल्यापासून मला नायिकेपेक्षा तीच जास्त आठवते.

रानजाई

हे मी लेकीला मुद्दाम सांगितलं नव्हतं. रंग काढला, शिक्षाही काढली. 'तिला घरातून जायला सांगितलं' एवढ्यावर भागवलं.

मैना

बरोबर केलंत. मुलांना सांगताना आजी-आज्या काटछाट करतच आल्या आहेत.

अभ्यासू_उंदीर

लहान मुलांसाठी हरकत नाही. पण आपण मोठ्यांनी तरी 'दासी' म्हणून पुढे सरकू नये. लेक बारा-तेराची झाली की तिला पूर्ण पाठ सांगा. ती स्वतःच विचारेल, त्या बाईला कोणी का नाही विचारलं. घागर फोडणारी बाई मला खलनायिका वाटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला देखणं म्हणतंय असं तिला वाटलं, भले ते पाणी का असेना.

तडजोड_नाही

हे वाचून थांबले. सबुरीच्या दगडासमोर बसायला तिलाही जागा हवी होती.

गोट्या८

वातावरण गंभीर झालंय, मी केलोलानला आणतो. 'केल' म्हणजे टकला, 'ओलान' म्हणजे पोरगा. विधवेचा आळशी, गरीब, टकला मुलगा, ज्याला सगळे हसतात आणि जो शेवटी बादशहाची मुलगी आणतो. परवा ही वाचली: केलोलान दळायला निघतो. त्याला बजावलेलं असतं, दाढी न उगवलेल्या माणसाच्या गिरणीत दळू नकोस. नेमका तोच भेटतो, त्याला 'कोसे' म्हणतात. दोघे मिळून भाकरी करतात. पीठ जास्त झालं, पाणी घाल. पाणी जास्त झालं, पीठ घाल. सगळं पीठ संपून एकच महाकाय भाकरी होते. कोसे म्हणतो, जो मोठी थाप मारेल त्याची भाकरी. कोसे आपली मारतो. मग केलोलान सुरू होतो. बापाच्या जन्माआधीच्या आठवणी, मधमाश्या मोजणं, हरवलेली लंगडी मधमाशी शोधायला कोंबड्यावर खोगीर घालणं… भाकरी घरी!

माझ्या पुतण्याने दुसऱ्या दिवशी गृहपाठ का झाला नाही याचं कारण याच शैलीत दिलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, मग गृहपाठ करायला बसवलं.

निळाई

केलोलानच्या काही गोष्टींत राज्य नशिबाच्या पक्ष्यामुळे मिळतं. राजा वारला की 'देवलेत कुशू' सोडतात, तो ज्याच्या डोक्यावर बसेल तो राजा. पक्षी टकल्यावर बसतो, लोक म्हणतात चुकलं, परत सोडा. तीनदा तिथेच. आपल्याकडे हत्तीच्या सोंडेत माळ देतात, तसंच. अजूनही तुर्कीत अचानक भाग्य उजळलं की 'डोक्यावर देवलेत कुशू बसला' म्हणतात.

आणि रानजाई, 'देव' शब्द टाळू नका हो! त्या देवांची आई लेकीला नक्की सांगा. वाटेत नायकाला ती बसलेली दिसते, डोंगराएवढी, स्तन खांद्यावरून मागे टाकलेले. शहाणा नायक मागून जाऊन तिचं दूध पितो आणि 'आई' म्हणतो. ती म्हणते, दूध प्यायला नसतास तर एका घासात संपवला असता, आता तू माझा मुलगा. मग ती त्याला स्वतःच्या राक्षस मुलांपासून लपवते. तलवार उपसणारे मरतात, 'आई' म्हणणारा वाचतो.

अभ्यासू_उंदीर

निळाईंशी सहमत. शब्दही मजेदार आहे. फारसी 'दीव', तुर्की 'देव' आणि संस्कृत 'देव' यांचं मूळ एकच. प्राचीन इराणी धर्मात 'दएव' दुष्ट ठरले, आपल्याकडे पूज्य राहिले. लेकीला सांगा, एकाच घरातली दोन भावंडं, एक गावाकडे देव झाला, दुसरा परमुलखात राक्षस.

या गोष्टींचा पसाराही केवढा. पेर्तेव नाइली बोराताव आणि वोल्फ्राम एबरहार्ड या दोघांनी तुर्की लोककथांची सूची केली, १९५३ मध्ये छापली गेली, त्यात ३७८ कथाप्रकार आहेत. बोराताव यांची अंकारा विद्यापीठातली जागा १९४८ मध्येच गेली होती. पुढे पॅरिसला राहून त्यांनी आयुष्यभर हेच काम केलं.

आजीची_गोधडी

रानजाईच्या प्रश्नाकडे वळते. तीन दिवस मनात घोळतोय.

तुर्की गोष्ट कशी संपते? 'त्यांची मुराद पुरी झाली.' आणि मग 'आभाळातून तीन सफरचंदं पडली. एक सांगणाऱ्याला, एक ऐकणाऱ्याला,' आणि तिसरं कोणाला ते सांगणारा ठरवतो. हे वाचलं आणि मला श्रावणातल्या रविवारची आदित्यराणूबाईची कहाणी आठवली. माझी आजी पाटावर बसून सांगायची, आम्ही हातात अक्षता घट्ट धरून ऐकायचो.

त्यात एक मुलगी राजाच्या घरी दिलेली, एक प्रधानाच्या. बाप राजाच्या राणीकडे जातो, म्हणतो कहाणी सांगायची आहे. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा पारधीला जाणार आहे. दारिद्र्य येतं. प्रधानाची राणी ऐकते, तिचं घर भरतं. पुढे वाटेत थांबून राजाची राणी उपाशी माणूस शोधते, कहाणी ऐकायला. मोळीविक्या मिळतो, मग माळी, मग म्हातारी. दर वेळी सहा मोती. तीन आपण घेतले, तीन त्याला दिले. 'मनोभावे कहाणी सांगितली, चित्तभावे त्याने ऐकली.' आणि ऐकणाऱ्याचं भलं होतं.

सांगणाऱ्याला तीन, ऐकणाऱ्याला तीन. लहानपणी वाटायचं मोती सांगणाऱ्याला जास्त हवेत. आता वाटतं, त्या बायकांनी हिशोब पक्का ठेवला होता. ऐकणं हे निम्मं काम आहे.

त्या मुलीला सबुरी पुरली नाही म्हणून तिने दगड मागितला. तिला सोसायला साधन नको होतं, मध्ये 'बरं बरं' न म्हणता शेवटपर्यंत ऐकणारं कोणीतरी हवं होतं. दगडाने चित्तभावे ऐकलं. म्हणूनच तो फुटला.

तडजोड_नाही

आजी, (तुमचं वय माहीत नाही, पण म्हणू दे) माझ्या मावशीजवळ दगडही नव्हता. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी रात्री तिच्याजवळ असायचे, तेव्हा एकदा ती दोन तास बोलली. मी झोपेत 'हं हं' करत होते. यापेक्षा जास्त लिहवत नाही. गोष्ट मुलीला सांगेन.

आजीची_गोधडी

म्हण की. पंच्याहत्तर पुरी होतील पौषात. आणि तू 'हं' तरी म्हणत होतीस गं. ती बोलली, तुझ्यापाशी बोलली.

बोस्फरसकाठी

काल घरमालकीणबाईंना तीन मोत्यांची कहाणी मोडक्यातोडक्या तुर्कीत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली आणि उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या आइवाच्या मुरंब्याची बरणी घेऊन. म्हणाल्या, मोती नाहीत घरात.

रानजाई

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीने तीच गोष्ट पुन्हा मागितली. या वेळी मी सावकाश सांगितली, दगड कसा फुगतो, कसा धापा टाकतो. शेवट झाल्यावर ती बराच वेळ छताकडे बघत होती. मला वाटलं, पुन्हा तोच प्रश्न येणार, ती त्याला का सांगत नाही.

ती म्हणाली, "तो दाराबाहेर उभा राहून ऐकत होता ना? मग दगड फुटेपर्यंत का थांबला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज रात्री ती बाबाला विचारणार आहे. त्यानंतर केलोलान आणि लंगडी मधमाशी, असं ठरलं आहे.